घासाआधीचे वाक्य : लठ्ठपणावरील बोधात्मक वर्तनोपचार, पायरीपायरीने

वजनाच्या तक्रारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या इंदूरच्या मराठी घरांतील माणसांपैकी बहुतेकांना काय खावे आणि काय टाळावे हे आधीच पाठ असते. तेल कमी करावे, शेव डब्यात भरून ठेवू नये, सकाळी चालायला जावे, रात्रीचे जेवण लवकर उरकावे, हे सारे ती मला सांगतात आणि मग खाली बघून म्हणतात, "कळतं सगळं, पण वळत नाही." कळणे आणि वळणे यांच्या मधल्या जागेत काय घडते, हे शोधण्याची आणि तिथे हात घालण्याची पद्धतशीर रीत म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, ज्याला आता सगळेच 'सीबीटी' म्हणतात.

या पद्धतीचे दोन धागे आहेत. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे आरन बेक या मनोविकारतज्ज्ञांनी 1960 च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना असे दाखवून दिले, की प्रसंग आणि भावना यांच्या मध्ये मनात एक झटकन येऊन जाणारा विचार असतो आणि तो पकडता, तपासता व बदलता येतो. त्याच दशकात, 1967 साली, रिचर्ड स्टुअर्ट यांनी अतिखाण्यावरील वर्तनोपचाराचा आठ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात खाण्याची नोंद ठेवणे, खाण्याची जागा ठरवणे, सावकाश खाणे अशा साध्या गोष्टी होत्या. पुढे हे दोन धागे एकत्र विणले गेले, आणि खाली दिलेल्या पायऱ्या त्या विणीतूनच आलेल्या आहेत.

सुरू करण्यापूर्वी

आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) 23 च्या वर गेल्यास वजन जास्त आणि 25 च्या वर गेल्यास लठ्ठपणा असे धरले जाते. कंबरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा. थायरॉइड, रक्तातील साखर, रक्तदाब, स्त्रियांमध्ये पीसीओएस (बीजकोशांचा व संप्रेरकांचा एक विकार) हे पाहून घ्यावे. स्टेरॉइड, व्हॅल्प्रोएट, ओलान्झापिन अशा काही औषधांनी वजन वाढते, परंतु ती आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेतात त्यांनी खाणे कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावेच, कारण खाणे घटले आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

ज्यांना थोड्या वेळात खूप खाण्याचे आणि त्यावर अजिबात ताबा न राहण्याचे झटके आठवड्यातून एकदा तरी येत आहेत आणि हे तीन महिने चालले आहे, किंवा जे खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करतात, त्यांनी वजनाआधी त्या त्रासावर उपचार घ्यावेत. तिथेही हीच पद्धत चांगली लागू पडते, पण ती तज्ज्ञाच्या हातून घ्यावी. नैराश्य असेल तरी तेच. उपचारक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ पाहावा. इंदुरात एम. वाय. रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आहे, आणि 14416 या 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

किती वजन, किती दिवसांत

अमेरिकेतील एका अभ्यासात 60 लठ्ठ स्त्रियांना उपचारांपूर्वी ध्येय विचारले गेले, तेव्हा त्यांनी सरासरीने आपल्या वजनाच्या 32 टक्के घट मागितली. 48 आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी 16 किलो उतरले, जे खरोखर उत्तम यश होते, परंतु त्यांतील जवळपास निम्म्या स्त्रियांचे वजन त्यांनीच आधी 'निराशाजनक' म्हणून सांगितलेल्या आकड्यापर्यंतही पोचले नाही. ध्येय इतके उंच ठेवले, की मिळालेले यशही अपयश वाटते आणि माणूस सोडून देतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांसाठी सध्याच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के एवढेच ध्येय लिहावे, म्हणजे 84 किलोच्या माणसाने 4 ते 8 किलो. एवढ्याने काय होणार, असे वाटत असेल तर 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अमेरिकी प्रयोगाकडे पाहावे. 3,234 लोकांच्या त्या प्रयोगात जीवनशैली गटाचे ध्येय 7 टक्के वजनघट आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम एवढेच होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. त्या गटाला सुरुवातीला 16 सत्रांत जे शिकवले गेले, त्यात नोंदवही, प्रलोभने ओळखणे, नकारात्मक विचारांना उत्तर देणे आणि घसरल्यावर सावरणे हेच मुख्य होते.

दोन आठवडे फक्त लिहायचे

पहिले दोन आठवडे खाण्यात काहीही बदल करू नये, फक्त लिहावे. शंभर पानी वही ओट्याजवळ ठेवावी आणि घराबाहेर असताना मोबाइलवर नोंद करावी. प्रत्येक वेळी सहा गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, सोबत कोण, काय आणि किती, खाण्याआधी भूक 0 ते 10 पैकी किती होती, आणि हात पुढे जाण्यापूर्वी मनात कोणते वाक्य आले. जमेल तेव्हा खाण्याआधी लिहावे. रात्री झोपताना आठवून लिहिलेली नोंद नेहमी खऱ्यापेक्षा कमी भरते, आणि यात कोणी खोटे बोलत नसते. 1992 साली न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात, 'आम्ही कमी खाऊनही वजन उतरत नाही' असे सांगणाऱ्या लोकांचे खाणे शास्त्रीय पद्धतीने मोजले, तेव्हा त्यांनी ते सरासरी 47 टक्क्यांनी कमी सांगितलेले निघाले. चवीपुरते, उरलेले, मुलाच्या ताटातले, उभ्याने तोंडात टाकलेले हे सारे स्मरणातून गळते.

माप वाटी, चमचा आणि मूठ यांत लिहिले तरी चालते. तेलाचा हिशेब मात्र महिन्यावर करावा, कारण रोजच्या फोडणीत तो सापडत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटर तेल लागत असेल तर माणशी रोजचे सुमारे 38 ग्रॅम, म्हणजे केवळ तेलाचे 340 च्या आसपास उष्मांक होतात. हा हिशेब स्वतः करून पाहिलेल्या घरांत पुढची खरेदी आपोआप बदललेली मी पाहिली आहे.

सहाव्या रकान्याबद्दल एक आग्रहाची सूचना आहे. वाक्य ज्या भाषेत मनात आले त्याच भाषेत लिहावे. आपल्याकडे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असते, आणि खाण्यामागची वाक्येही तशीच विभागलेली असतात, हे मला असंख्य वह्या वाचल्यावर कळले. स्वयंपाकघरात "पानात टाकू नये" येते, आणि 'छप्पन दुकान' या इंदूरच्या खाऊगल्लीपाशी "चल यार, एक कचोरी से क्या होता है" येते. दुसऱ्या वाक्याचे मराठीत भाषांतर करून लिहिले की त्यातली मित्राची थाप, संध्याकाळची सैल हवा, सगळे निघून जाते आणि तपासायला निर्जीव वाक्य उरते. वजन मात्र आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्याआधी करावे.

साखळी शोधणे आणि लवकरची कडी तोडणे

दोन आठवड्यांनी वही घेऊन बसावे आणि सर्वांत जास्त वेळा घडलेला एकच प्रसंग निवडावा. एका नोकरदार गृहस्थांच्या वहीत असा प्रसंग आठवड्यातून चारदा होता: दुपारी एकला डबा, मग साडेसहापर्यंत केवळ दोन चहा, बाहेर पडताना भूक 8, मित्राचा फोन, नेहमीचाच रस्ता, वर लिहिलेले हिंदी वाक्य, दोन कचोऱ्या, आणि घरी गेल्यावर बायकोला काही बोलायचे नाही म्हणून पूर्ण जेवण. त्यांना वाटत होते की चूक कचोरीच्या क्षणी होते आणि तिथे आपला निग्रह कमी पडतो. साखळी कागदावर मांडल्यावर दिसले की कचोरी ही सातवी कडी आहे आणि तिथवर पोचेपर्यंत प्रकरण जवळजवळ ठरलेले असते. त्यांनी दुसरी कडी धरली. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि एक फळ टेबलाच्या खणातून काढून खायचे, एवढेच. भूक 8 वरून 4 वर आली. मित्राला भेटणे त्यांनी सोडले नाही आणि सोडायला मी सांगितलेही नसते.

दोन जेवणांत चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नये, हा नियम इथूनच येतो. वजन उतरवायचे म्हणून उपाशी राहणाऱ्यांची रात्र बहुधा फार जड जाते. आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात ते उपवासाच्या साबुदाण्यापुरतेच खरे नाही, प्रत्येक कडक पथ्याच्या बाबतीत ते खरे ठरते.

घरातली मांडणी बदलणे हाही याच पायरीचा भाग आहे. शेव, नमकीन यांची अर्धा किलोची पुडी न आणता शंभर ग्रॅमची आणावी. ती पारदर्शक बरणीत डोळ्यांसमोर राहू नये. पातेली टेबलावर न ठेवता ओट्यावरूनच ताट वाढून घ्यावे, आणि टीव्हीसमोर जेवू नये.

वाक्याची उलटतपासणी

ही या उपचाराची मुख्य पायरी, आणि घाई इथे मुळीच करू नये. रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगर इथल्या अनेक गृहिणींच्या वह्यांत सारख्याच आढळणाऱ्या नोंदींवरून एक उदाहरण घेते. रात्रीचे साडेदहा झाले आहेत, जेवणे होऊन तास झाला आहे. ओट्यावरच्या पातेल्यात तळाशी दीड वाटी भात आणि कढईच्या कडेला दोन चमचे बटाट्याची भाजी उरली आहे. भांडी घासायला टाकायची म्हणून घरची गृहिणी ती भाजी भातावर ओढते, डावाने कडा खरवडते आणि पातेल्यातूनच उभ्याने खाऊन टाकते, दिवा मालवण्याआधी, दोन मिनिटांत. भूक 1. वाक्य: "अन्न टाकू नये, पाप लागतं." वाक्यावरचा विश्वास 100 पैकी 90.

हे वाक्य चुकीचे आहे असे तिला सांगणे निरर्थक आणि उद्धटपणाचेही ठरेल. ते वाक्य तिला आजीकडून मिळाले आहे, टंचाई पाहिलेल्या पिढीकडून मिळाले आहे, आणि त्यात अन्नाबद्दलचा आदर आहे. म्हणून वाक्य पुसायचे नाही, त्याला प्रश्न विचारायचे. याच्या बाजूने पुरावा काय? अन्न खरोखर मोलाचे आहे, आणि ते शिजवण्यात माझे कष्ट आहेत. विरुद्ध काय? भात फ्रिजमध्ये राहतो आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो. भूक नसताना मी तो खाल्ल्याने कुणाचेही पोट भरत नाही. उरतो तो रोजच उरतो, म्हणजे माप जास्त पडते आहे. आणि जे अगदीच जाईल ते आपल्या शहरात ओल्या कचऱ्याच्या गाडीतून देवगुराडियाच्या प्रकल्पात जाते, जिथे 2022 पासून रोज 550 टन ओल्या कचऱ्यापर्यंत गॅस करण्याची सोय आहे. हेच वाक्य माझ्या मुलीने म्हटले असते तर मी तिला काय सांगितले असते? या प्रश्नापाशी बहुतेक जणी थांबतात, आणि मग लिहितात. एकीने लिहिलेले पर्यायी वाक्य असे होते: "अन्न टाकायचं नाही हे खरं, म्हणून उद्यापासून अर्धी वाटी तांदूळ कमी." जुन्या वाक्यावरचा विश्वास 90 वरून 50 वर आला. तो शून्यावर येण्याची गरज नसते.

पर्यायी वाक्य आपल्याला पटणारे असावे. "मी खूप निग्रही आहे" असली वाक्ये आरशासमोर म्हणून काही होत नाही, कारण मन त्यावर विश्वास ठेवत नाही.

नेहमी सापडणारी आणखी काही वाक्ये इथे देते, कारण आपले वाक्य त्यांत दिसले की काम सोपे होते. "दिवसभर राबते, एवढं तरी माझं असू दे" या वाक्यामागे खरी गरज विश्रांतीची आणि कौतुकाची असते, आणि जिलेबीने ती पाच मिनिटांपुरतीच भागते. त्यासाठी जेवणानंतर अर्धा तास कुणीही हाक न मारण्याची घरात बोली करून घेणे हा जास्त टिकणारा उपाय आहे. "आमच्या घराण्यातच आहे" हे अर्धे खरे असते, कारण वजनावर अनुवंशाचा मोठा प्रभाव असतोच. त्यावर मी एवढेच विचारते, की याच घराण्यात गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या दिवशी खाणे वेगळे झाले आणि त्या दिवशी काय वेगळे होते. आणि सर्वांत महागात पडणारे वाक्य म्हणजे "आज मोडलंच आहे, आता सोमवारपासून." 1975 साली हर्मन आणि मॅक यांनी केलेल्या प्रयोगात, एरवी खाण्यावर बंधन घालणाऱ्या विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिले, तेव्हा त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खाल्ले. एकदा नियम मोडला, की उरलेला दिवस मोकळा, असा तो हिशेब असतो. त्याचे उत्तर लगेचचे असावे लागते: पुढचे जेवण नेहमीचे, नेहमीच्या वेळी, आणि भरपाईचा उपवास नाही.

प्रयोग करून पाहणे

काही वाक्ये कागदावर तपासून हलत नाहीत, ती प्रसंगात तपासावी लागतात. "नाही म्हटलं तर काकूंना वाईट वाटेल" हे त्यांतले पहिले. प्रयोग असा करावा: पुढच्या हळदीकुंकवाला किंवा पंगतीत जाण्याआधी भाकीत लिहून ठेवावे, जसे की 'काकू रुसतील, चार जणी टोकतील'. तिथे एक पुरणपोळी मनापासून, सावकाश खावी, तिचे कौतुक करावे आणि दुसऱ्या आग्रहाला हसून म्हणावे, "काकू, पोळी फार सुरेख झाली आहे, पण आता पोट भरलं." तेच वाक्य, त्याच सुरात, तीनदा. प्रकृतीची कारणे देऊ नयेत, कारण कारण दिले की त्यावर चर्चा सुरू होते आणि चर्चेत आग्रह जिंकतो. घरी येऊन भाकीत आणि वास्तव शेजारी लिहावे. बहुतेकींच्या वहीत असे निघते की तिसऱ्या वेळी काकू पुढच्या ताटाकडे वळल्या.

दुसरा प्रयोग खाण्याच्या तीव्र इच्छेचा. "ही इच्छा पुरवली नाही तर ती वाढतच जाईल" असे आपण मनोमन मानून चालतो. इच्छा आली की तिला 0 ते 10 पैकी आकडा द्यावा, पंधरा मिनिटे थांबावे, दर पाच मिनिटांनी पुन्हा आकडा लिहावा, आणि त्या वेळात हात गुंतवावेत: धुतलेले कपडे घड्या घालणे, बहिणीला फोन, गच्चीवर फेरी. पंधरा मिनिटांनंतरही खायचे ठरले तर ताटलीत काढून, बसून खावे. आकडा चढतो आणि उतरतो हे स्वतःच्या अक्षरात पाच-सात वेळा पाहिले, की इच्छेची भीती जाते.

चालणे

आठवड्याला 150 मिनिटे पुरेत. 'वेळच नाही' हे वाक्यही वहीत घालून तपासावे. रीजनल पार्कपर्यंत जाणे जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या गल्लीतल्या फेऱ्या मोजल्या जातात. आणि चालून आल्यावर पोहे-जिलेबीचे बक्षीस घेण्याची आपल्या शहरातली रविवारची रीत आधीच साखळी म्हणून लिहून काढावी.

घरच्यांना काय सांगावे

नवरा, सासूबाई किंवा मुलगा ताटावर नजर ठेवू लागला की लपून खाणे सुरू होते. घरच्यांना एक नेमके काम सांगावे, जसे "अहो, माझ्या ताटाबद्दल बोलू नका, फक्त रात्री उरलेलं तुम्ही फ्रिजमध्ये ठेवा." 'जाडी' वगैरे संबोधने, कितीही लाडाने असली तरी, बंद करायला सांगावीत. लाज वाटल्याने कुणाचे खाणे कमी झालेले मी पाहिलेले नाही. लपलेले मात्र पाहिले आहे.

उतरलेले वजन टिकवणे

याबाबत मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते. ऑक्सफर्ड येथील कूपर, फेअरबर्न आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 150 स्त्रियांच्या अभ्यासात, खास लठ्ठपणासाठी आखलेल्या या उपचाराने सुमारे 10 टक्के वजन उतरले, परंतु उपचार संपल्यावर तीन वर्षांत बहुतेकींचे वजन पुन्हा वाढले. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की वजन उतरल्यावर भूक वाढवणारी संप्रेरके वर्षभरानंतरही चढलेली राहतात. म्हणजे वजन उतरलेल्या माणसाला आधीपेक्षा जास्त भूक लागते, आणि हा त्याचा दुबळेपणा नाही, शरीराचा प्रतिकार आहे. म्हणून मी सहा महिन्यांनी निरोप देत नाही. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला असे निदान आणखी वर्षभर भेटत राहावे, असे सांगते. ज्यांना वैद्यकीय दृष्ट्या गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध किंवा शस्त्रक्रिया घेण्यात काहीही कमीपणा नाही. वही त्यांच्याबरोबरही चालते.

शेवटच्या नियमित सत्रात प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची असते. तिच्यावर सध्याचे वजन, त्याच्या वर 2 किलोची मर्यादा, आणि ती ओलांडली तर त्याच दिवशी सुरू करायच्या तीन गोष्टी असतात: दोन आठवडे वही, पाच वाजताचे खाणे, आणि उपचारकाला फोन. त्याखाली ठरलेल्या कठीण प्रसंगांची आखणी असते. गणपतीचे दहा दिवस, लग्नसराई, थंडीतले तळलेले गराडू (एक कंद). आणि पुण्याहून पाहुणे आले की सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार, कारण दुकाने मिटल्यावर उजळणाऱ्या त्या बाजारात पाहुण्यांना न नेणे आपल्याच्याने होणार नाही. एका बाईंच्या चिठ्ठीवर त्यासाठी असे लिहिले आहे: घरून भाकरी-भाजी खाऊन निघायचे, आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही न घेता चालायचे, मग भुट्ट्याचा कीस आणि आणखी एकच पदार्थ, दोन्ही वाटून. चिठ्ठीच्या तळाशी पुढच्या तपासणीची तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण ती दर तीन महिन्यांनी खोडून नवी घालायची असते.